बाळोत्यांचे डाग: कोकणातल्या घरांतून येणारे प्रश्न

मी गुहागरजवळच्या एका गावात जुन्या धोतरांची, मलमलीची बाळोती आणि लंगोट शिवते. शिवणाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. मेसेज येतात ते डागांचे, आणि बरेचसे रात्री अकरानंतर, म्हणजे बाळ झोपल्यावर. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. तीच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. हे सगळं समुद्राकाठच्या, जांभ्याच्या जमिनीवरच्या घरांना धरून लिहिलंय. शहरात नळाचं गोडं पाणी असेल तर प्रश्न ७ आणि ८ सोडून दिलेत तरी चालेल.

१. धुऊनही डाग राहतो. म्हणजे लंगोट अस्वच्छच राहिला ना?

नाही. डाग हा रंग आहे. लंगोट स्वच्छ आहे की नाही ते नाकाला कळतं. पूर्ण वाळलेला लंगोट नाकाशी धरा. कसलाच वास आला नाही आणि हाताला चिकट किंवा ताठ लागला नाही, तर तो पिवळा दिसला तरी बाळाला घाला. उलट पांढराशुभ्र लंगोट वास मारत असेल तर तो पुन्हा धुवायचा. बारशाला आलेल्या बायका दांडीवरच्या लंगोटांकडे बघून नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

२. शी झाल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

गार पाणी, आणि लगेच. गरम पाणी आधी ओतलं की शीतली आणि रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात, मग तासभर घासलं तरी हलत नाहीत. वाहत्या गार पाण्याखाली लंगोट उलट्या बाजूने धरा, म्हणजे पाणी मागून येऊन घाण पुढे ढकलतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते. सहा महिन्यांनंतर पेज, नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात सुरू झाला की आधी शी संडासात झटकून टाकायची, मग पाणी.

शूचे आणि शीचे लंगोट वेगळ्या बादल्यांत ठेवा. रात्रभर पाण्यात भिजत ठेवण्यापेक्षा पाण्यातून काढून, पिळून, झाकण नसलेल्या बादलीत ठेवलेले बरे. भिजत पडलेल्यांचं काय होतं ते प्रश्न १५ मध्ये आहे. आणि बाळ रांगायला लागलं की भरलेली बादली त्याच्या हाताला लागेल अशी कधीच ठेवू नका.

३. उन्हाने पिवळा डाग जातो म्हणतात. खरंच जातो की समजूत आहे?

खरंच जातो, आणि या पानावरचा हाच सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी असते ती पित्तातल्या बिलिरुबिन नावाच्या रंगामुळे. हा रंग उजेडात टिकत नाही. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात त्यामागे हाच गुण आहे. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आलं की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी कातडी फिकट झालीय आणि दुपट्याखाली झाकलेली पिवळीच राहिलीय. तिथल्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये दिव्याच्या उपचारावर लेख लिहिला. आपल्या आज्या अंगणात बाळोती वाळत घालत होत्या तेव्हा तीच क्रिया कापडावर चालू होती. मात्र बाळाच्या काविळीवर घरच्या घरी उन्हाचा उपचार करू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

आता रीत. लंगोट आधी नीट धुतलेला हवा. तो ओलाच वाळत घाला, डागाची बाजू वर. ओल्या कापडावर ऊन जास्त काम करतं, म्हणून तासाभराने हाताने पाणी शिंपडा, पुन्हा तासाने शिंपडा. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ उत्तम. दांडीवर दुमडून टाकलात तर आतल्या घडीला ऊन लागत नाही, त्यामुळे चिमटे लावून सपाट पसरा. मी खळ्यात जुनी सुंभाची बाज टाकते आणि तिच्यावर पसरते, खालूनही वारा लागतो. मार्च ते मे या दिवसांत ताजा डाग दुपारपर्यंत फिका होतो. जुन्या डागाला तीन-चार दिवस लागतात. ढगाळ उजेडातही रंग उडतो, फक्त धीर धरावा लागतो.

गडग्यावर, म्हणजे जांभ्याच्या दगडी कुंपणावर, मात्र वाळत घालू नका. जांभ्याची तांबडी धूळ ओल्या कापडाला लागली की नवा डाग तयार, आणि तो उन्हाने जात नाही (प्रश्न ७).

४. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी चिकट शी कशी काढायची?

डांबरासारखी असते खरी. त्या दिवसांसाठी जुन्या साडीचे, फाटक्या धोतराचे तुकडे ठेवा आणि टाकून द्या. ठेवायचाच असेल तर डागावर थोडं खोबरेल तेल चोळून शी सुटू द्या, मग साबण, मग ऊन. तेल पूर्ण निघालं पाहिजे, प्रश्न १२ बघा.

५. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा: यातलं काय चांगलं? तिन्ही एकत्र घातलं तर जास्त जोर येतो का?

एकत्र घालू नका. मीही केलंय हे. मोठ्या मुलीच्या वेळी सोड्यावर लिंबू पिळलं, बादलीभर फेस आला, मला वाटलं आता डाग पळणार. फेस ओसरला आणि डाग होता तिथेच. लिंबू आंबट, सोडा त्याच्या उलटा. दोघं एकमेकांना मारतात आणि बादलीत उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं, एवढंच.

वेगवेगळे वापरा, आणि दोघांची कामं वेगळी आहेत. सोडा तेलकटपणावर, शूच्या वासावर आणि जड पाण्यावर. यासाठी खायच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा जास्त कामाचा: अर्ध्या बादलीला एक मोठा चमचा, हाताला झोंबतो म्हणून काठीने ढवळा. लिंबू गंजावर, हळदीवर, बुरशीच्या ठिपक्यांवर आणि शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात, म्हणजे साबणाचा उरलेला थर सुटतो. अर्ध्या बादलीला एक लिंबू पुरे. पांढरं व्हिनेगर लिंबाच्या जागी चालतं, पण आपल्याकडे लिंबू परसात असताना विकत कशाला आणायचं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. लिंबाचा रस हाताला असताना उन्हात बसून घासू नका. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडीवर चट्टे, कधी फोडही उठतात. हात धुऊन मग उन्हात जा, आणि लिंबू लावलेला लंगोट नीट खळबळल्याशिवाय बाळाला घालू नका. दुसरं, लिंबू किंवा व्हिनेगर कधीही ब्लीचबरोबर वापरायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

६. रिठा, शिकेकाई, राख: आजी म्हणते तेवढ्यावरच सगळं धुतलं जायचं.

रिठा चांगला. आठ-दहा रिठे फोडून बिया काढा, तांब्या-दीड तांब्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, कुस्करा, कापडातून गाळा. जड पाण्यातही रिठ्याची चिकट साय बसत नाही, हा त्याचा साबणापेक्षा मोठा गुण. पण ताकद बेताची. शूच्या लंगोटांना पुरतो, शीच्या डागाला नाही. शिवाय वरचेवर वापरला की पांढरं कापड किंचित तपकिरी होतं. गाळताना फेस डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर चुरचुरतं.

शिकेकाई केसांसाठी ठेवा, लंगोट तपकिरी करते.

राखेचं पाणी म्हणजे कडक क्षार. डाग आणि तेल दोन्ही काढतं हे खरं, पण ते पूर्ण निघायला पाच-सहा पाणी लागतात. आजीच्या काळी व्हाळावर किंवा पाटाच्या वाहत्या पाण्यात धुणं व्हायचं, तिथे राख आपसूक वाहून जायची. बादलीत तेवढं पाणी कोण घेतं? क्षार राहिला की बाळाची जांघ लाल होते. मी बाळाच्या कपड्यांना राख वापरत नाही, आणि आठवड्यातून दोनदा साधी बिनवासाची धुण्याची पावडर वापरते. त्यात काही कमीपणा वाटून घेऊ नका.

७. आमच्याकडे लंगोट शीने नाही तर पाण्यानेच पिवळे-तांबूस होतात. बोअरिंग मारल्यापासून सुरू झालं.

हा प्रश्न फक्त कोकणातूनच येतो, आणि मला वाटतं अर्धे हट्टी डाग मुळात हेच असतात. लोक शीचा डाग समजून घासत बसतात.

आपल्या जांभ्यात लोह भरपूर, म्हणून माती तांबडी. काही विहिरींच्या आणि बोअरिंगच्या पाण्यात ते विरघळलेलं असतं. उपसताना पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की लोहाचा गंज होतो आणि तो धाग्यात बसतो. तपासायचं असेल तर पांढऱ्या बादलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ किंवा वर तेलकट दिसणारी पातळ साय आली तर समजा.

अशा डागावर सोडा आणि साबण घासू नका, गंज अजून पक्का होतो. ब्लीच तर मुळीच नको. मी एकदा घातलं होतं. फिकट पिवळे लंगोट दहा मिनिटांत विटकरी झाले, सहाच्या सहा. इथे आंबटाचं काम: डागावर मीठ भुरभुरवा, वर लिंबू पिळा, अर्धा तास उन्हात ठेवा, भरपूर पाण्याने खळबळा. बिलिंबीचं झाड असेल तर त्याहून चांगलं. तिचं फळ अर्धं कापून डागावरच चोळायचं. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते गंज ओढून घेतं. म्हणूनच नंतर तीन पाणी तरी काढा. कोकमाचं आगळही आंबटच, पण ते स्वतःचा लाल डाग देतं. तो खेळ नको.

मूळ बंद करायचं तर धुण्याचं पाणी आदल्या संध्याकाळी भरून ठेवा आणि सकाळी न ढवळता वरचं वर तांब्याने घ्या. पत्र्याची जुनी बादली, गंजलेली तार, लोखंडी चिमटे हेही बघून घ्या. अनेकदा चोर तिथेच सापडतो.

८. मे महिन्यात आमची विहीर मचूळ होते. साबणाला फेसच येत नाही, लंगोट वाळून पापडासारखे कडक होतात.

मचूळ आणि जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो. तो कापडावर बसतो, करडा रंग येतो आणि त्या थरात डाग अडकून राहतात. आधी पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवा, पाच मिनिटांनी साबण. वडीच्या साबणापेक्षा पावडर किंवा रिठा बरा. शेवटच्या पाण्याला लिंबू (प्रश्न ५). शेवटचं एक पाणी तरी गोड्या विहिरीचं किंवा नळाचं मिळालं तर बघा. वाळल्यावर लंगोट दोन्ही हातांनी चोळून झटकला की मऊ होतो. मऊपणासाठी बाजारात मिळणारं सुगंधी पाणी घालू नका, त्याने कापड शू शोषत नाही.

पावसाळ्यात याच घरांची चैन असते. पागोळ्यांचं पाणी इतकं मऊ, की चिमूटभर पावडरीला बादलीभर फेस येतो. पहिले चार-पाच पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, मग पागोळीखाली पिंप लावा.

९. पावसात ऊनच नाही. जून ते सप्टेंबर डागांचं काय करू?

डाग विसरा, आधी लंगोट वाळवा.

किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. त्यात खारा वारा. कापडावर बसलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून माजघरातल्या दांडीवरचा लंगोट दोन दिवसांनीही दमटच लागतो. या दिवसांत एकपदरी चौकोनी बाळोती वापरा, घडी घालून त्रिकोणी बांधायची. जाड पॅड शिवलेले लंगोट कपाटात ठेवून द्या. एकपदरी कापड पंख्याखाली चार तासांत वाळतं, सहापदरी पॅड चोवीस तासांतही नाही. संख्या मात्र दुप्पट लागते, तीसच्या खाली भागत नाही.

पिळल्यावर लंगोट कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिळा, निम्मं पाणी टॉवेल पितो. किंचित दमट असताना इस्त्री फिरवा, सुती असेल तरच. जुनी रीत शेगडीवर निखारे ठेवून वर मोठी टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर बाळोती पसरायची. ती अजून चालते, पण पडवीत, उघड्यावर, आणि कुणीतरी समोर बसून. बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत निखारे ठेवू नका. निखाऱ्यांतून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वासही नसतो, आणि तो माणूस मारतो. धूर कापडाला लागला तर लंगोट पिवळट होतो आणि बाळाला वासही सोसत नाही.

उघडीप मिळाली की हातातलं काम टाकून लंगोट बाहेर. श्रावणातलं तासाभराचं ऊनही वाया घालवू नका. राहिलेले पिवळे डाग ऑक्टोबरात दोन दिवसांत जातात, मी दरवर्षी बघते.

तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत असं घरोघरी सांगतात. कारण काहीही सांगोत, सल्ला खरा आहे: संध्याकाळी दव आणि खारी ओल धरते आणि दिवसभर वाळवलेलं पुन्हा दमट होतं.

१०. काळे बारीक ठिपके आलेत, धुऊनही जात नाहीत.

बुरशी. दमट लंगोट घडी घालून ठेवला की येते. घराबाहेर झटका, धुवा, लिंबू-मीठ लावून ऊन द्या, मग उकळा (प्रश्न १४). ठिपक्यांची पुसट खूण राहिली पण कुबट वास गेला तर चालेल. वास राहिला तर त्याचं फडकं करा. बाळाच्या कातडीपेक्षा लंगोट मोठा नाही.

११. हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला! हे काय?

घाबरू नका. हळदीचा रंग साबण-सोड्यासारख्या क्षारात लाल होतो. कुंकू असंच करतात. खळबळल्यावर आणि लिंबू लावल्यावर पुन्हा पिवळा दिसेल. हळद उन्हात सगळ्यात लवकर उडते, दोन दिवस पुरतात. रीत प्रश्न ३ ची.

मी उलट विचारते: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या लंगोटावर हळद आली कुठून? गुटीतून येत असेल तर डॉक्टरांशी बोला. सहा महिने आईचं दूध सोडून काहीही द्यायचं नाही असंच ते सांगतील.

१२. लंगोटावर तेलकट चकंदळं पडलीत आणि हल्ली शू शोषतच नाही, बाहेर येते.

मालिशचं खोबरेल. रोज थोडं थोडं लागतं, दिसत नाही, आणि मग एक दिवस कापडावर पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं. चाचणी सोपी: वाळलेल्या लंगोटावर चमच्याने पाणी सोडा. लगेच जिरलं तर ठीक, मोती झाले तर तेल आहे. चकंदळावर कोरडं बेसन दाबून अर्धा तास ठेवा, झटका, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा आणि पावडरीने धुवा. एका वेळेत सगळं निघत नाही, दोनदा करावं लागतं. मालिश ते आंघोळ यादरम्यान जुनं फडकं वापरा, चांगले लंगोट आंघोळीनंतर.

१३. आंबा, केळं, सोलकढी, काजूचं बोंडू: यांचे डाग एकसारखेच काढायचे का?

नाही, चौघांची चार तऱ्हा.

आंबा सोपा. त्याचा केशरी रंग उन्हात उडतो, आणि आंब्याचे दिवस ते कडक उन्हाचे दिवस, देवाने जुळवूनच दिलंय. पण आधी साबणाने गर पूर्ण काढा.

सोलकढीचा लाल डाग गार पाण्याने लगेच धुवा. आधी साबण लावलात तर तो निळसर-करडा होतो. लिंबाने परत लाल होतो आणि मग सुटतो.

केळ्याचा गर ताजा असताना गार पाण्याने निघतो, वाळला की तपकिरी होऊन बसतो. केळफुलाचा किंवा खोडाचा चीक लागला असेल तर तो जात नाही.

बोंडूचाही जात नाही. सरळ सांगते, त्यावर वेळ घालवू नका. मूल खळ्यात बसून बोंडू चोखतं आणि रस खाली लंगोटावर गळतो, एप्रिलमध्ये हा मेसेज येतोच. ताजा असेल तर गार पाण्याने जितका जाईल तितका. एक मात्र लक्षात ठेवा: बोंडूच्या आणि केळीच्या तुरट रसाला लोहाचं पाणी लागलं की डाग शाईसारखा काळा होतो. जुन्या काळी शाई अशीच तुरट रस आणि लोह मिळवून करत. तुमचं पाणी प्रश्न ७ मधलं असेल तर पहिलं धुणं पिण्याच्या गोड्या पाण्याने करा.

१४. लंगोट उकळले तर डाग जातील का? विकतचे बटणांचे डायपरही उकळायचे?

उकळल्याने डाग जात नाही, आणि न धुता उकळलात तर पक्का होतो. उकळायचं ते धुतल्यानंतर, वास आणि बुरशीसाठी, महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, आणि फक्त सुती. बटणांच्या डायपरच्या बाहेरच्या कापडाला आतून पाणी न झिरपणारा पातळ थर असतो. उकळत्या पाण्यात तो सुटतो, इलॅस्टिक ढिलं पडतं. आतले सुती पॅड काढून तेवढे उकळा. बाहेरचं कव्हर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. त्याच्या आतल्या मऊ कापडावर डाग असेल तर आतली बाजू वर करून तासभर ऊन, त्याहून जास्त नको. अशा कव्हरवर लिंबूही रोज नको.

१५. डाग नाही, पण शू झाली की डोळे चुरचुरतील असा उग्र वास येतो.

शूमधल्या युरियाचा जिवाणूंनी अमोनिया केलाय. म्हणजे मागच्या धुण्यात ते जिवाणू राहिलेत, किंवा लंगोट बादलीत फार वेळ पडून होते. पावडर थोडी जास्त, सोडा, एक जादा पाणी, उकळणं (प्रश्न १४) आणि ऊन. वासावर कडुनिंबाचं पाणी घालून भागत नाही, ते फक्त लंगोट हिरवट करतं.

१६. नीळ घातली तर चालेल?

नीळ डाग काढत नाही, पिवळेपणा डोळ्यांना झाकते. लंगोटाला नको.

१७. हा डाग काढू की डॉक्टरांना दाखवू? लंगोटावर वेगळाच रंग दिसतोय.

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून सविस्तर. धुण्याआधी उजेडात फोटो काढा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत गुलाबी-विटकरी पावडरीसारखा डाग दिसला तर ते शूमधले युरेटचे स्फटिक असतात, बहुतेकदा काळजीचं नसतं. दूध नीट येऊ लागल्यावरही, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, तो दिसत राहिला तर बाळाला दूध कमी पडत असेल, दाखवून घ्या. मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचा अगदी छोटा डाग पडू शकतो, तो आईच्या संप्रेरकांमुळे. तरी एकदा सांगून ठेवा. नंतर कधीही शीत रक्त दिसलं तर दाखवायचंच. तो डाग काढायला गार पाणी आणि मीठ.

लोहाचे थेंब चालू असतील तर शी काळपट-हिरवी होते. अंगणवाडीतून किंवा उपकेंद्रातून सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध देतात, त्याने हे होतं. त्यासाठी औषध बंद करू नका. लंगोटावरचे डाग मात्र चिवट असतात, थोडे प्रश्न ७ च्या उपायाने जातात. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस (प्रश्न ४) सोडून, लोह चालू नसताना डांबरासारखी काळी शी झाली तर लगेच डॉक्टर.

आणि ज्यात वाट बघायची नाही ते: शी पांढरट, चुन्यासारखी किंवा राखाडी मातीसारखी. तिच्याबरोबर शूने लंगोट गडद पिवळा होतो. नवजात बाळाच्या शूला फारसा रंग नसतो, लंगोट पिवळा रंगायला नको. हे पित्त आतड्यात न उतरल्याचं लक्षण असू शकतं. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर गुण येण्याची शक्यता जास्त असते. बाळ हसतं-खेळतंय, वजन वाढतंय म्हणून थांबू नका. लंगोट न धुता पिशवीत घाला आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.

१८. दुसरेपणासाठी पेटीत जपून ठेवलेली बाळोती काढली. पिवळी पडलीत आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. डाग कसे काढू?

डाग राहू द्या, आधी तो वास. डांबराच्या गोळ्या बहुधा नॅफ्थॅलीनच्या असतात. जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थॅलीनने रक्तपेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. बाळात ती कमतरता आहे हे घरात कुणाला माहीत नसतं. त्यात आपण बाळाला तेल चोळतो, आणि नॅफ्थॅलीन तेलात विरघळून कातडीतून जास्त आत जातं. अशा गोळ्यांत ठेवलेले लंगोट-दुपटी वापरल्याने नवजात बाळं आजारी पडल्याचं वैद्यकीय नोंदींत आहे.

माझ्या हाती अशी पेटी आली तर नवजात बाळासाठी त्यातलं काहीच वापरत नाही. आठवण म्हणून जपलेलं आजीच्या साडीचं दुपटं असेल तर आठ-दहा दिवस बाहेर वाऱ्या-उन्हात टांगा, गरम पाण्यात दोनदा धुवा, पुन्हा टांगा. घडी करून बंद डब्यात रात्रभर ठेवल्यावर सकाळी झाकण उघडताना जराही वास आला तर ते बाळाच्या अंगाला लावायचं नाही, भिंतीवर चौकटीत लावा.

वास नसलेलं, नुसतं पिवळं पडलेलं कापड असेल तर ते जुन्या साबणाचं आणि तेलाचं पिवळेपण आहे: प्रश्न १२ चा सोडा, मग प्रश्न ३ चं ऊन. आणि या वेळी परत ठेवताना पूर्ण वाळवून, इस्त्री-नीळ न करता, सुती पिशवीत वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. पेटी भिंतीला चिकटवू नका, पावसात जांभ्याच्या भिंतीला ओल येते.